तारेखालून काठी

वानर मेलं तेव्हा सगुणाबाई दहा पावलांवर होती. सकाळची पॅसेंजर जाऊन अर्धा तास झाला होता. फलाटावरच्या शेंगांच्या टरफलांचा ढीग लावून ती खराटा आपटून सारखा करत होती. लिंबावरून त्या वानरानं नव्या खांबावर उडी घेतली. तारेला त्यानं हात लावलाच नव्हता, हे ती पुढं छातीवर हात ठेवून सगळ्यांना सांगायची. नुसती शेपटी तारेच्या अंगाला गेली. असा आवाज झाला की फलाटावरचा पत्रा थरथरला, निळा उजेड पडला आणि वानर रुळात येऊन आदळलं. केस जळाल्याचा वास दुपारपर्यंत हटला नाही.

रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन महेमूदनं ते लाकडी फळीवर ओढून बाजूला घेतलं. रिटायर व्हायला एक वर्ष राहिलेला माणूस तो, रुळावर काय काय बघितलेला, पण त्यानंही त्याच्यावर पोतं टाकून तोंड फिरवलं.

“हात न्हाई लावला त्यानं, महेमूदभाई. म्या बघितलं ना.”

“लावायची जरूरतच न्हाई,” महेमूद म्हणाला. “घरात दोनशे तीस व्होल्ट राह्यतो, इथं पच्चीस हजार हाय. जवळ गेलं की वढून घेतो. अन् वली चीज असली तर मंग बातच सोडा.”

सगुणाबाईनं मनात दिवस मोजले. चैत्रातली काठी निघायला पंधरा दिवस उरले होते. काठी तिचा नवरा उचलतो.

आता काठी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. बोरखेडा गाव रुळाच्या अलीकडं आणि महादेवाचा टेकडा पलीकडं. चैत्रातल्या तिसऱ्या सोमवारी गावातली देवाची काठी टेकड्यावर जाते. दहा हात बांबू, त्याला तांबडं-पांढरं कापड गुंडाळलेलं, शेंड्याला तांब्याचा कळस. सकाळी तिला गावच्या बारवेत आंघोळ घालतात आणि तशीच ठिबकती काठी उभी धरून नेतात. वाटेत ती वाळू द्यायची नाही, म्हणून दोघं जण घागरी घेऊन पाणी मारत चालतात. बारवेतून निघाली की टेकड्यापर्यंत ती वाकवायची नाही, आडवी करायची नाही. बाईमाणसाचा हात लागला की बाटली. मग जागच्या जागी उतरवायची, पुन्हा बारव, पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

काठी रुळाच्याही आधीची. निजामाच्या राज्यात छोटी लाईन आली, तेव्हा म्हणे कुण्या साहेबानं काठी अडवली आणि सगळं गाव रुळावर बसलं. दोन दिवस बसलं म्हणतात, कुणी चार म्हणतं, सांगणारा जसा तापेल तसं. शेवटी तोड निघाली. ठेसनच्या मास्तरानं रुळाशी येऊन नारळ द्यायचा, काठीनं रुळावर तीन उड्या घ्यायच्या आणि मुकाट पलीकडं जायचं. तेव्हापासून तेलुगू मास्तर झाले, पंजाबी झाले, बिहारी झाले, पण नारळ काही चुकला नाही.

ठेसन मात्र चुकत चुकत चाललं होतं. बोरखेडा रोड ही पाटी आहे, तिच्यावरची उर्दू अक्षरं उन्हानं धुवून निघालीत. काळं इंजिन होतं तेव्हा ते इथं थांबून पाणी प्यायचं. मंठ्याकडून कापसाच्या गाड्या यायच्या, बैलांची रांग बारवेपर्यंत लागायची, मालधक्क्यावर हमालांची भांडणं व्हायची. मोठी लाईन झाली आणि इंजिनाची तहान संपली. मालधक्क्यावर आता बाभळी उगवल्यात. सकाळी एक पॅसेंजर, संध्याकाळी एक, बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. सोय म्हणाल तर एक खिडकी, दोन बाकडी, एक दिवसाआड पाणी येणारा नळ आणि एक संडास, त्याची किल्ली सगुणाबाईच्या कमरेला. अंबडच्या कोर्टात जाणारे भलेभले मोठे लोकसुद्धा पोटात कळ आली की “सगुणाबाई, जरा किल्ली” म्हणत तिच्यामागं फिरायचे. आणि गेट? गेट बंद करून चार वर्षांमागं रुळाखालून बोगदा केला. दहा फूट उंच. त्यातून ट्रॅक्टर जातो, ऊस जातो, वराती जातात. उभी काठी जात नाही. म्हणून काठी आपली अजून फलाटाच्या टोकावरूनच रूळ ओलांडायची.

आणि शिवरात्रीपासून रुळावर ही तार आली होती.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं नवऱ्याला वानराचं सांगितलं. रामकिसन गुडघ्याला तेल चोळत बसला होता. पंचावन्न वय, दीड एकर रान आणि काठीचा मान. आज्यापासून चालत आलेला. बाकी गावात त्याला कोण विचारतं? बायको ठेसनावर झाडू मारते म्हणून पारावर टोमणे खाणारा माणूस तो. पण चैत्रातल्या त्या एका दिवशी सगळं गाव त्याच्या पायावर पाणी घालायचं.

“आवं, औंदा मान दुसऱ्याला द्या.”

“कामून?”

“तार हाय. वानर जळालं म्हणून सांगून राह्यले ना.”

“वानर अन् देवाची काठी सारखी का?” तो म्हणाला. “अन् दुसऱ्याला देऊ? मंग त्यो दुसरा मरू दे का?”

 भाकरी तव्यावर करपली.

“अन् हे कुठं बोलू नको,” रामकिसन म्हणाला. “लोक म्हणतेल रामकिसन भ्याला.”

पण बोलणं निघालंच. ठेसनचा मास्तर नागसेन स्वतः पारावर गेला. तिशीतला पोरगा, नोकरीला चार वर्षं झालेली, बायको आणि आठ महिन्यांची पोरगी घेऊन क्वार्टरमध्ये राहायचा. त्यानं हात जोडून सांगितलं, की औंदा काठी बोगद्यातून न्या, वाकवून न्या, पाहिजे तर मी पाया पडतो. गावचे अण्णासाहेब पारावरच बसले होते. काठीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. ते हसले.

“मास्तर, तुम्ही शिकलेले माणसं, पण आम्ही बी माप घेतलेलं हाय. तार साडेएकोणीस फूट. तुमच्याच गँगमननं सांगितलं. काठी पट्ट्यात धरली की कळस साडेअठराला. फूटभर जागा राह्यती. कळस लागतच न्हाई.”

“लागायची गरज नाही, साहेब. आणि तुम्ही उड्या मारता.”

“उडी किती? वीतभर. अन् लागलाच कळस तर?” अण्णासाहेबांनी पिठाच्या गिरणीवाल्याला हाक मारली. गिरणीतून एक उघडी वायर बाहेर ओढली, तिच्यात करंट असल्याची खात्री टेस्टर लावून सगळ्यांना करून दिली आणि मग एका बांबूचं टोक तिला टेकवून दुसरं टोक स्वतः मुठीत धरलं. लोक पुढं सरकून बघत होते.

“काय झालं? हाय का काही? बांबूत करंट येत न्हाई, मास्तर. बिलकुल येत न्हाई.”

टाळ्या पडल्या. बाया लांब मारुतीच्या भिंतीशी उभ्या होत्या. सगुणाबाई त्यांच्यात होती. तिला गप्प बसता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं.

“त्यो बांबू वाळलेला हाय, अण्णासाहेब. आपली काठी वली ऱ्हाती. वरून तांब्याचा कळस. घागरीनं पाणी मारत न्हेता तुम्ही.”

 गिरणीवाल्यानं हातातल्या वायरकडं बघितलं आणि ती हळूच खाली ठेवली. मग अण्णासाहेब म्हणाले, “रामकिसन, तुझी झाडूवाली लाईनमन कधी झाली रे?” आणि असा हशा उठला की पारावरचे कावळे उडाले.

रामकिसन उठला. बायकोच्या दंडाला धरून तिला गल्लीतून घरापर्यंत नेलं. वाटेत माणसं हसत होती. त्यानं तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्या दिवसापासून काठीचा उपास सुरू केला आणि बोलणं बंद केलं.

तिला झोप लागेना. दिवसा झाडताना ती तारेखालून जायची तेव्हा मान आपोआप आत ओढली जायची. ढगाळ हवा असली की खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्यांतून चिर्र चिर्र असा बारीक आवाज यायचा. तो आवाज तिला घरी चुलीपाशी ऐकू यायला लागला. नवऱ्याचा उजवा गुडघा उडी मारताना दगा देतो, हे तिला माहीत होतं. गेल्या साली तिसऱ्या उडीला तो झुकला होता आणि दोर धरणाऱ्यांनी काठी सावरली होती. हे ना नागसेनला माहीत, ना अण्णासाहेबांच्या मापात बसलेलं.

नागसेननं हात टेकले नव्हते. वर लिहून त्यानं वीज बंद करायची परवानगी आणली. सोमवारी अकरा ते अकरा वीस. वीस मिनिटं तार मेलेली राहणार, त्यात काठी न्या. हे सांगायला तो पुन्हा पारावर गेला.

“येऊ की,” अण्णासाहेब म्हणाले. “पण देव काही रेल्वेच्या टायमावर चालत न्हाई, हे ध्यानात ठेवा.”

सोमवार उजाडला तो तापलेलाच. सगुणाबाईनं सकाळीच फलाट झाडला, नळाला पाणी होतं म्हणून संडास धुतला आणि लिंबाखाली येऊन बसली. रामकिसन पहाटेच बारवेवर गेला होता. जाताना त्यानं उंबऱ्यात थांबून मागं बघितलं होतं. काहीतरी बोलेल असं तिला वाटलं, पण तो निघून गेला.

पावणेअकराला बारवेकडून हलगीचा आवाज आला आणि तिथंच घुमत राहिला. पुढं सरकेना. अकराला नागसेन खिडकीतून म्हणाला, “मावशी, बंद झाली.” महेमूद लाल झेंडी घेऊन रुळाच्या कडेला जाऊन उभा राहिला. हलगी बारवेवरच. अकरा पाचला ती उठली आणि सांधे दुखत असतानाही बोगद्याच्या तोंडापर्यंत पळत गेली. कुणी दिसेना. मोटारसायकलवर एक जण आला त्याला विचारलं.

“जालन्याहून पाहुणा यायचाय,” तो म्हणाला. “फोटो काढणारे बी यायचेत. त्याबगर काठी उचलायची न्हाई म्हणले अण्णासाहेब.”

“आरे पण टाईम चाललाय!”

“मला कामून वरडती?” तो म्हणाला आणि निघून गेला.

अकरा वीसला नागसेननं फोनवर पाच मिनिटं मागितली. पलीकडून काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा उतरलेला दिसला. मागं एक्स्प्रेस खोळंबली होती. तारेत करंट परत आला. एक्स्प्रेस गेली, तिच्यामागं मालगाडी गेली, धूळ बसली आणि मग बारा वाजून गेल्यावर हलगी हलली.

“साहेब, पुन्हा मागा ना.”

“नाही देत, मावशी. लेखी पाहिजे म्हणतात. पोलिसांना कळवलंय, जालन्याहून निघालेत.” नागसेनच्या कपाळावरून घाम गळत होता. “मी मध्ये उभा राहतो. मला तुडवून नाही जाणार.”

“तुडिवतेल,” महेमूद म्हणाला. “चारशे माणूस हाय.”

काठी दिसली. बाभळींच्या वर तांब्याचा कळस उन्हात लखलखत होता. हळूहळू खालचं तांबडं-पांढरं कापड दिसलं, त्यातून पाण्याचे ओघळ वाहत होते. चारी बाजूंनी चौघांनी दोर धरलेले, तेही भिजलेले. मधोमध रामकिसन, कमरेच्या चामडी पट्ट्यात काठी रोवलेली, अंगावर ओलं धोतर, डोळे अर्धे मिटलेले. दोघं जण घागरींनी पाणी मारत होते. तो डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता आणि त्याच्या पायाखालची मातीसुद्धा ओली होत होती.

नागसेन हात पसरून पुढं गेला. “थांबा! करंट चालू आहे! थांबा!” पोरांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, तेही हसत हसत, आणि कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. महेमूदची झेंडी तर कुणी बघितलीच नाही. रूळ पन्नास पावलांवर राहिले होते.

सगुणाबाईच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं, हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. भीती एवढी होती की पाय जमिनीवर आहेत का तेही कळेना. लिंबाला टेकवलेला संडासचा खराटा हातात कधी आला तेही कळलं नाही. ती गर्दीत शिरली. बाई आली म्हणून माणसं आपोआप मागं सरली, सोवळ्यातली माणसं ती. दोराच्या खालून ती आत गेली. रामकिसननं डोळे उघडले.

“सगुणे, हट!” दहा-बारा दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

तिनं खराटा टाकला आणि दोन्ही हातांनी काठीला मिठी मारली. गार, भिजलेलं कापड तिच्या गालाला लागलं.

हलगी थांबली. बारवेपासून ऐकू येणारा गलबला असा थांबला की लिंबाची पानंसुद्धा वाजताना ऐकू आली.

“बाटली!” कुणीतरी ओरडलं. “बाईनं बाटवली! संडास धुतलेल्या हातानं बाटवली!”

मग तिला किती हात लागले ते तिनं मोजलं नाही. केसाला धरून ओढलं, पाठीत बुक्की बसली, लुगडं खांद्यावरून फाटलं. ती धुळीत पडली तेव्हा वरती बघत होती. कळस हलला, झुकला आणि खाली आला. काठी आडवी झाली. तिनं तोंडातली माती थुंकली. नवरा तिच्यासमोर उभा होता, रिकामा पट्टा कमरेला, हात लोंबकळत. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“माझ्या बापाला काय सांगू?” तो म्हणाला. बाप मरून वीस वर्षं झाली होती.

अण्णासाहेबांनी तिच्याकडं बघितलंही नाही. “चला बारवेवर. पुन्हा आंघोळ. दोन तासांनी येऊ. अन् हिचं काय करायचं ते संध्याकाळी देवापुढं बघू.”

गर्दी परतली. सगुणाबाई उठली आणि खिडकीशी आली. ओठ फाटला होता.

“दोन तास हायत, साहेब,” ती म्हणाली. “काय करायचं ते करा. आता माझ्याजवळ दुसरं काही न्हाई.”

नागसेननं पुन्हा फोन लावून बघितला. पोलिसांची गाडी फाट्यावरच्या कोंडीत अडकली होती. लेखी परवानगी उद्याशिवाय मिळणार नव्हती. तो आत गेला, पाणी प्याला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग त्यानं दार लोटून घेतलं आणि महेमूदला व सगुणाबाईला जवळ बोलावलं.

“काठी दिसली की मी वर कळवतो, तारेवर कापड अडकलंय म्हणून. तसं सांगितलं की तिथल्या तिथं वीज बंद करतात. दहा मिनिटांनी सांगतो, वाऱ्यानं पडलं. पण हे खोटं आहे, मावशी. कळलं तर माझी नोकरी जाईल. पोरगी अजून रांगत नाही. गावात कुणाला, तुमच्या मालकाला सुद्धा, कधीच बोलायचं नाही.”

“न्हाई बोलत.”

“शपथ घ्या.”

तिनं महादेवाची घेतली. महेमूदनं कानाला हात लावले.

अडीचला काठी पुन्हा आली. पहिल्यापेक्षा जास्त भिजलेली, कारण ऊन कडक झालं होतं आणि आता चार घागरी होत्या. नागसेननं फोन ठेवला आणि मान हलवली. तार बंद. पण बंद तार आणि चालू तार सारखीच दिसते. वरती ती तशीच काळी, ताणलेली होती. फोनवर त्यांनी खरंच ऐकलं असेल का? दुसरीच कुठली तार बंद केली असेल तर? बंद केल्यावरही थोडा जीव तारेत राहतो, असं महेमूद एकदा म्हणाला होता. सगुणाबाईनं लिंबाच्या बुंध्याला पाठ लावली आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

नागसेन नारळ घेऊन रुळाशी उभा राहिला. अण्णासाहेब त्याच्याजवळ आले.

“का मास्तर, आता न्हाई अडवत? करंट चालू हाय ना?”

नागसेननं नारळाची शेंडी सारखी केली. “चालूच असतो, साहेब.”

“ऐकलं का रे? चालू हाय!” अण्णासाहेबांनी मागं वळून सगळ्यांना सांगितलं. “घ्या महादेवाचं नाव!”

नारळ फुटला. रामकिसन दोन रुळांच्या मध्ये आला. बायकोनं बाटवलेली काठी ती, सगळ्या गावाचे डोळे त्याच्यावर, आणि तो आज सगळं भरून काढायला निघालेला. पहिली उडी वीतभर गेली. दुसरी आणखी दोन बोटं वर गेली. तिसऱ्या उडीला उजवा गुडघा मोडला, तो वाकडा झाला, दोर धरणाऱ्यांनी घाबरून एकदम ओढले, काठी वर उचलली गेली आणि कळस तारेवर आपटला.

टण्ण, असा स्वच्छ आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

सगुणाबाईनं डोळे मिटून घेतले. निळा उजेड मिटल्या डोळ्यांतूनही दिसला असता. तो पडला नाही. डोळे उघडले तर रामकिसन उभा होता. काठी उभी होती. क्षणभर सगळं गाव वर बघत राहिलं आणि मग अशी आरोळी उठली की नागसेनची पोरगी क्वार्टरमध्ये रडायला लागली.

“लागली! तारेला लागली! हर हर महादेव!”

माणसं नाचत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. रामकिसन रूळ ओलांडून गेला, तो जाताना सगुणाबाईपाशी आला आणि थांबला. चेहरा असा फुललेला तिनं लग्नातही बघितला नव्हता.

“हाताला मुंग्या आल्या, सगुणे,” तो धापा टाकत म्हणाला. “लागली तवा. खांद्यापर्यंत आल्या. देव आल्ता माझ्या हातात. आजवर कधी आला न्हाई, आज आल्ता.”

 काठी पुढं निघून गेली. आत नागसेन फोनवर सांगत होता, की कापड पडलं, लाईन मोकळी आहे. थोड्या वेळानं खांबावरच्या वाट्यांतून पुन्हा चिर्र चिर्र सुरू झालं.

दिवस मावळायच्या आत तिला टेकड्यावर बोलावलं. काठी देवळाच्या भिंतीला टेकवलेली, कापड आता वाळलेलं. पंच एका बाजूला, माणसं एका बाजूला, बाया पायऱ्यांच्या खाली. तिला नाक घासायला सांगितलं. तिनं घासलं. दगड दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता, फाटलेला ओठ त्याला लागून पुन्हा रक्त आलं. लोक हसले नाहीत, त्यांना आज हसण्यापेक्षा मोठं काही मिळालं होतं.

“झालं ते झालं,” अण्णासाहेब म्हणाले. आवाज मऊ होता. “बाईमाणूस, भ्याली. देवानं बी माफ केलं, अन् वरून सगळ्या गावाला दाखवून दिलं. पच्चीस हजाराच्या तारेला त्याची काठी लागली, अन् रामकिसनचा केस जळाला न्हाई. पुढच्या सालापासून कुणाला इचारायचं न्हाई, परवानगी न्हाई, टाईम न्हाई. अन् काठी अकरा हाताची करायची. दरसाल तारेला लावूनच न्यायची.”

“मी न्हेतो!” रामकिसन म्हणाला. “मरस्तोवर मीच न्हेतो.” माणसांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

सगुणाबाईनं पायऱ्यांकडं बघितलं. तिथं कडेला महेमूद उभा होता, डोक्याला रुमाल बांधून. त्यानं नजर खाली घातली. दूर खाली ठेसनाचा दिवा लागलेला दिसत होता आणि क्वार्टरच्या दोरीवर लहान लहान कपडे वाळत होते. तिच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. महादेवाची शपथ घेतलेली आणि महादेव समोरच.

“आता काठीपुढं बोल,” अण्णासाहेब म्हणाले. “की पुन्हा कधी हात लावणार न्हाई. एवढं बोलली की झालं. घरी जा, भाकरी कर, गाव काही म्हणणार न्हाई.”

तिनं पदरानं ओठावरचं रक्त टिपलं.

“बोल की,” रामकिसन हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट लाड होता. आजच्या दिवशी तो कुणावर रागावूच शकत नव्हता. “बोल अन् सुट. पुन्हा न्हाई लावणार म्हण.”

 सगुणाबाईनं पायरीचा कठडा धरला.

“लावीन,” ती म्हणाली.

“काय म्हणली?”

“लावीन. पुढच्या साली बी लावीन. जित्ती हाय तवर दरसाल लावीन.”